आठ सिस्टर, नऊ एप्रन

विलो क्रीक, नेब्रास्का
११ फेब्रुवारी २०२४

ती. काशीआत्या,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण दारात गुडघाभर बर्फ आहे, तेव्हा उभ्यानंच घे. परवा फोनवर तू म्हणालीस, "तुझं अर्धं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं पटत नाही. कामाचं असेल ते कागदावर लिही." म्हणून हे पत्र, आणि काम खरंच आहे.

आधी एक दुरुस्ती. तू अख्ख्या अंबरनाथला सांगत सुटली आहेस की तेजल अमेरिकेत सिस्टरांच्या हॉस्पिटलात आहे. या सिस्टर म्हणजे नर्स नव्हेत गं! या चर्चच्या जोगिणी, लग्न न करता मठात राहणाऱ्या. मी त्यांचे जुने कागद लावते, वाचते, आणि त्यातून मठाचा एक छोटा इतिहास लिहून द्यायचा आहे.

इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे. १८७४ साली जर्मनीहून आठ जणी इथं आल्या. तेव्हा रेल्वे अलीकडेच संपायची, पुढे नुसतं गवत. झाड नाही, दगड नाही. त्यांनी गवतासकट मातीची ढेपळं कापली, विटांसारखी रचली आणि घर उभं केलं. पहिल्याच वर्षी टोळधाड आली. पीक गेलंच, दोरीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा टोळांनी खाल्ले. तरी बायका हलल्या नाहीत. शाळा काढली, आसपासच्या शेतकऱ्यांची पोरं शिकवली. १८८८ च्या जानेवारीत भर दुपारी असं हिमवादळ आलं की डोळ्यांपुढचा हात दिसेना. शाळेत सतरा पोरं अडकली. सिस्टरांनी आपापले एप्रन एकमेकांना बांधले, शाळेच्या दारापासून घराच्या दारापर्यंत ओळ धरली, आणि पोरं ती धरून एकेक करत घरात आली. सतराच्या सतरा!

आता इथं सहाच सिस्टर उरल्यात, सगळ्यांत तरुण शहात्तर वर्षांची. ऑक्टोबरमध्ये त्या शहरातल्या वृद्धाश्रमात जाणार. त्याआधी १४ सप्टेंबरला मठाची दीडशे वर्षं साजरी होतील आणि अंगणात एक शिळा बसेल. तिच्यावर त्या आठ जणींची नावं.

आणि इथंच घोळ आहे. त्या वादळातले एप्रन अजून एका पेटाऱ्यात ठेवलेत. मी मोजले, नऊ निघाले. मठाच्या बखरीत नावं आठ. मोठ्या सिस्टर, बर्नाडेट, वय चौऱ्याऐंशी, म्हणतात, एक जास्तीचा शिवून ठेवला असेल. मला पटत नाही, कारण नऊही सारखेच झिजलेत.

फोटो छापून पाठवतेय, शिवणीचे जवळून काढलेत. तुझ्याएवढं शिवण कुणाला कळतं? बघून सांग.

तुझी,
तेजू

———

अंबरनाथ पूर्व
३ मार्च २०२४

चि. तेजलला आशीर्वाद. ते फुकट असतात म्हणून भरपूर पाठवते.

फोटो बघितले. चष्मा लावून बघितले, मग चष्मा काढून डोळ्याला चिकटवून बघितले. अगं बये, हे तर डेनिम! आपलंच, निळं. माझी बोटं एकतीस वर्षं ज्या रंगात निळी होती, तोच. मी शेजारच्या प्रीतीला दाखवलं, ती म्हणाली काकी, अमेरिकेत डेनिम असणारच ना. ती आनंदनगरला कंपनीत ऑफिसात बसते, तिला सगळं आधीच माहीत असतं. पण मला कुठे ठाऊक होतं की जोगिणी डेनिम घालायच्या? मला वाटलं पांढरीशुभ्र कापडं नि हातात माळ.

आता तुझं काम. नऊही एका हातचे आहेत. यात बोलायला जागा नाही. पट्टा जिथं कमरेला जोडलाय तिथं बघ, कापड दोनदा दुमडून वरून तिरके टाके गच्च भरलेत. दिसायला काही सुंदर नाही. पण ही शिवण ओढ खाण्यासाठी केलीय. सतरा पोरं लोंबकळली तरी सुटायची नाही, आणि सुटली नाहीच ना? वा! जिनं शिवलं तिला माझा नमस्कार सांग. मेलीय हे कळतं मला, तरी सांग.

दुसरं. खिशाच्या आत बघ. उलटा कर आणि तळाच्या कोपऱ्यात बघ. आमच्या उल्हासनगर कॅम्प तीनच्या कारखान्यात प्रत्येकीची खूण असायची. माझी होती पिवळ्या धाग्याचे तीन टाके. तयार पॅन्टवर नाव कंपनीचं, आपलं कुठेच नाही, पण चुकलेला पीस परत आला की मास्टर खिसा उलटा करायचा आणि जिची खूण तिच्या अंगावर फेकायचा. बाईनं एवढं शिवलं आणि कुठेच खूण केली नाही, असं होत नाही. शिवणाऱ्याचा हात राहत नाही.

तिसरं, तू लिहिलंस तिथं नुसतं गवत होतं. नुसतं गवत कुठेच नसतं. आपली वाडी बारवी धरणाच्या पाण्याखाली आहे, आज तिथं फिरायला येणारी पोरं म्हणतात की काय मस्त पाणी आहे. त्या गवतात आधी कोण राहत होतं ते विचार.

दोन वेळा जेवतेस का? बर्फात चपला घालून फिरू नकोस.

काशीआत्या

———

विलो क्रीक
२४ मार्च २०२४

ती. आत्या,

तुझ्या पाया पडते, खरोखर. खिसे उलटे केले. नऊच्या नऊ खिशांत, तळाच्या कोपऱ्यात, एकावर एक दोन टाके फुलीसारखे आणि बाजूला तिसरा एकटा. तांबड्या धाग्याचे, आता विटकरी झालेत. मी इतक्या जोरात ओरडले की सिस्टर बर्नाडेट काठी टेकत धावत आल्या. मग आम्ही दोघींनी मिळून कपाटं उपसली. चर्चच्या वेदीवरची चादर, पहिल्या घराचा पडदा, एक लहान मुलाचं झबलं, सगळ्यांत तीच खूण!

सिस्टर खूश झाल्या. म्हणाल्या, ही तर मदर ओटिलियाची खूण. मदर ओटिलिया म्हणजे मठाच्या संस्थापक. बखरीत लिहिलंय, "मदरने स्वतःच्या हातांनी आम्हा सर्वांची वस्त्रे शिवली." ही बखरही मदरनं स्वतःच लिहिलेली आहे, हे मी तेवढ्यापुरतं बोलले नाही.

मी आणखी एक केलं. शाळेचा आणि जुन्या घराचा पाया अजून जमिनीत दिसतो. टेप घेऊन मोजलं, नव्वद फूट. एप्रन नाड्यांसकट अकरा फुटांचा. गाठींचा एकेक फूट सोड. आठ एप्रन बांधले तर ओळ घरापर्यंत पोचत नाही, दाराच्या अलीकडे बर्फात संपते. नऊ बांधले तर पोचते. म्हणजे नववा पेटाऱ्यात घडी घालून ठेवलेला नव्हता, कुणाच्या तरी अंगावरून निघाला होता.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पॉनी नावाचे लोक. त्यांना सरकारनं त्याच सुमारास दूर दक्षिणेला हलवलं. बखरीत त्यांच्यावर अर्धी ओळ आहे. माझ्या पुस्तकात एक पान आधी त्यांचं असेल, हे सिस्टरांना सांगितलं. त्या हो म्हणाल्या.

जेवते. बूट घालते. तुझ्या हातचं सुकट आठवतं.

तेजू

———

अंबरनाथ पूर्व
१४ एप्रिल २०२४

चि. तेजल,

सोबत डेनिमची चिंधी आहे, फेकू नकोस. दोन ओळी शिवल्यात. पहिली प्रीतीनं, दुसरी मी. आता दोन्ही तुझ्या मदरच्या एप्रनशेजारी ठेव.

ठेवलीस? प्रीतीचे टाके एका बाजूला कललेत, माझे दुसऱ्या. एप्रनवरचे माझ्यासारखे आहेत. कारण मी डावरी. तू विसरली असशील, कारण तुझ्यासमोर मी कायम उजव्यानं जेवले. माझ्या आईनं लहानपणी डाव्या हातावर उलथनं मारून मारून मला उजव्यानं जेवायला लावलं. पण सुई काही उजव्या हातात गेली नाही. मशीनवर बसायच्या आधी चार वर्षं मी हातशिलाईला होते, तेव्हा मास्टर माझा पीस लांबून ओळखायचा. म्हणायचा, "काशी का टाका उल्टा गिरता है." गिरता है तर गिरता है! सुटलेला कधी दाखवा म्हणावं.

फोटो पहिल्यांदा बघितले तेव्हाच काहीतरी ओळखीचं वाटत होतं. मला वाटलं डेनिम आहे म्हणून. महिनाभर रोज बघितले तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी माझेच टाके बघत होते गं.

आता तू हे शोध की तुझी मदर कुठल्या हातानं लिहायची. डावरी असेल तर मी माझं तोंड बंद करते. आणि नसेल, तर तुमच्याकडे एक बाई हरवलीय. तिला शोध. नुसतं बसू नकोस.

इकडे ऊन मी म्हणतंय. पाणी दिवसाआड.

काशीआत्या

———

विलो क्रीक
९ मे २०२४

ती. आत्या,

सापडली.

मदर ओटिलियाचं मोठं तैलचित्र जेवणघरात लावलंय, लेखणी उजव्या हातात. बखरीच्या पानापानावर अक्षरही उजव्या हाताचं. तेव्हा मी सगळं सोडून एकच शोधायला लागले, या मठात डावरी कोण होती. पत्रात नाही, बखरीत नाही, जमाखर्चात नाही. मग तळघरात एक काळी वही मिळाली. या मठांत एक रीत होती, आठवड्यातून एकदा सगळ्यांसमोर चुका वाचायच्या आणि शिक्षा सांगायची. त्या चुकांची ही वही. जर्मनमध्ये आहे. सिस्टर बर्नाडेट आजीकडून जर्मन शिकलेल्या, त्यांनी वाचली.

"अपोलोनिया. पुन्हा डाव्या हाताने शिवताना आढळली. तीन दिवस टेबलाऐवजी जमिनीवर बसून जेवण." असं अकरा वेळा आहे, आत्या. अकरा! शेवटची नोंद त्या हिमवादळानंतर नऊ दिवसांनी.

सिस्टरांनी सांगितलं, तेव्हा मठात दोन तऱ्हेच्या जोगिणी असायच्या. एक शिकलेल्या, प्रार्थना म्हणणाऱ्या, घरून हुंड्यासारखं काही घेऊन आलेल्या. दुसऱ्या कामकरी. गाई, चूल, धुणं, शिवण त्यांच्याकडे. झगा जवळजवळ सारखा, पण कामकरी सिस्टरला मत नाही आणि यादीत नाव नाही. पहिल्या घराच्या पडद्यावरही तिची खूण आहे, म्हणजे अपोलोनिया आठ जणींबरोबर त्याच बोटीतून आली असणार, तीच ढेपळं तिनंही रचली असणार. ती कशी गेली, कधी गेली, कुठेच नाही. अख्ख्या मठात तिचं नाव फक्त त्या चुकांच्या वहीत आहे.

मी म्हटलं, शिळेवर नववं नाव घालू या. सिस्टर बर्नाडेटनी वही मिटली. म्हणाल्या, "दीडशे वर्षं आम्ही आठ म्हणत आलो. आता जाताना सगळ्या गावासमोर म्हणायचं का, की आमच्या मदरनं त्या बाईला जमिनीवर बसवलं?" त्या वाईट नाहीत गं. आपलं घर बंद होतंय, आणि त्यात मी त्यांच्या आईच्या तसबिरीला हात घालतेय. पाथरवटाला नावं १ ऑगस्टपर्यंत द्यायची आहेत. तोवर त्यांचं मन वळलं नाही तर अपोलोनिया पुन्हा गेली, या वेळी दगडात.

तुला त्या आभाराचं पत्र पाठवणार आहेत. त्यात काही इकडचं तिकडचं असेल तर मनावर घेऊ नकोस. आणि फार खोलात जाऊन वाचूही नकोस.

तेजू

———

अंबरनाथ पूर्व
२ जून २०२४

तेजल,

तुझ्या सिस्टरचं पत्र आलं. पाकिटावर लिहिलंय: मॅडम काशी भोईर, संचालक, भोईर गारमेंट्स. पोस्टमननं तीन मजले फिरून विचारलं, इथं गारमेंट्सवाली मॅडम कोण. खालच्या इंदुबाई म्हणाल्या, इथं अशी कोणी नाही. मीपण दारातून तेच म्हणाले.

मग प्रीतीनं वाचून दाखवलं. तुमच्या भाचीकडून तुमच्या कारखान्याबद्दल ऐकलं, तुमच्या हाताखालच्या कामगारांबद्दल ऐकलं, तुमच्या संस्थेनं समारंभासाठी पेटाऱ्यातल्यासारखेच नऊ नवे एप्रन शिवून दिले तर आम्हाला अभिमान वाटेल. प्रीती हसायला लागली. मग माझ्याकडे बघून थांबली.

एकतीस वर्षं मी कॅम्प तीनमध्ये पॅन्ट शिवल्या. शेअर रिक्षात चौथ्या सीटवर अर्धी लटकत गेले. शंभर पीस बरोबर गेले तर कोणी काही बोलायचं नाही. एक परत आला की अख्ख्या हॉलमध्ये हाक, "काशी, तेरा पीस वापस आया!" माझं नाव त्या कारखान्यात फक्त चुकीच्या वेळी घेतलं गेलं. म्हणून तुझं अपोलोनियाचं वाचलं तेव्हा मी रडले. खोटं नाही सांगत, डोळ्याला पदर लावून रडले.

पण तिचं नाव चुकीखाली का होईना, तिचं स्वतःचं होतं. तू माझं नाव घेतलंस आणि खाली भलतीच बाई उभी केलीस. तुझी मदर लाजली ते दीडशे वर्षांपूर्वी लाजली. तू कशाला लाजलीस? मी चोरी केली होती का?

मला उत्तर पाठवायची घाई करू नकोस.

काशी

———

विलो क्रीक
२० जून २०२४

ती. आत्या,

घाई केली नाही. तुझं पत्र खिशात घेऊन चार दिवस फिरले.

खरं सांगते. मुलाखतीच्या वेळी सगळे जण घरचं सांगत होते. कुणाचा बाप प्रोफेसर, कुणाची आई डॉक्टर. मला विचारलं, तुला कुणी वाढवलं? मी म्हटलं, आत्यानं, ती गारमेंटमध्ये आहे. ते म्हणाले, व्यवसाय? मी हो म्हटलं. एक हो. मग त्या हो ला कामगार फुटले, कारखाना फुटला, नाव फुटलं. मी लाजले, आत्या. ज्या बाईनं बाबा गेल्यावर मला पोटाशी धरलं, जिच्या निळ्या बोटांनी माझ्या वह्यांना कव्हरं घातली, तिला लाजले. माझ्यासारखी नालायक मीच.

मी सिस्टर बर्नाडेटकडे गेले आणि सगळं सांगितलं. आत्याकडे कारखाना नाही. ती दुसऱ्याच्या कारखान्यात शिवायची, डाव्या हातानं. म्हणून तर तिला अपोलोनिया ओळखू आली, तुमच्या-माझ्यासारख्या शिकलेल्यांना आली नाही. तुझं पत्रही इंग्रजीत वाचून दाखवलं. "तू कशाला लाजलीस" इथं मी थांबले, तर त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, पुढचं वाच.

वाचून झाल्यावर त्या उठल्या. मग काठी घेतली आणि मला दफनभूमीत घेऊन गेल्या. कुंपणाच्या कोपऱ्यात एक लोखंडी क्रूस आहे, अख्ख्या दफनभूमीत नाव नसलेला तो एकच. म्हणाल्या, "मी अठराव्या वर्षी इथं आले तेव्हा विचारलं होतं, हे कोण. मला सांगितलं, असेल कोणी कामाची बाई. मी पुन्हा विचारलं नाही. सहासष्ट वर्षं." तिथंच गवतात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "आपण दोघी एकच खोटं बोललोय, तेजल. तू एका बाईला मोठी करून लपवलीस, आम्ही एकीला पुसून लपवली."

पाथरवटाला त्यांनी स्वतः फोन केला. नावं नऊ.

आणि तुला निरोप दिलाय, जसाच्या तसा लिहिते: "संस्थेला केलेली विनंती मी मागे घेते. काशीला विचारते, ती शिवेल का?"

मीपण विचारते. रागावली असशील तर नको शिवूस. पण पत्र टाक.

तेजू

———

अंबरनाथ पूर्व
१४ जुलै २०२४

चि. तेजल,

रागावले होते. आता नाही. तुझा बाप श्यामकांतपण असाच, चूक केली की तोंड लपवायचा आणि मग एकदम येऊन पायाशी बसायचा.

हे पत्र पार्सलात एप्रनांच्या वर ठेवतेय. नऊ आहेत, मोजून घे, तुमच्याकडे मोजण्यात घोळ होतो.

झालं असं, मी रिक्षा पकडून कॅम्प तीनला गेले. दोन वर्षांनी पाऊल टाकलं. शेठ गल्ल्यावर. सिंधी माणूस, म्हातारा झालाय, पण आवाज तोच. म्हटलं, शेठ, मशीन पाहिजे, तीन रविवार. कशाला? म्हटलं, अमेरिकेची ऑर्डर आहे. हसले. मी फोटो पुढे ठेवले. त्यांनी एप्रनचा पट्टा बघितला, बोट फिरवलं, आणि म्हणाले, "ये किसने बनाया? मजबूत काम है." म्हटलं, माझ्यासारखीनं. कापड त्यांनीच काढून दिलं, जुन्या ताग्यातलं, जाड, आता असं येत नाही.

बाजूच्या शिवणी मशीनवर मारल्या. पण पट्टे सगळे हातानं जोडले. दोनदा दुमडून, तिरके टाके गच्च. डाव्या हातानं. बोटाला दोन फोड आले. कारखान्यातल्या नव्या मुली रविवारच्या ओव्हरटाइमला होत्या, त्या येऊन बघत उभ्या राहायच्या. एकीनं विचारलं, आंटी, डाव्या हातानं चालतं? म्हटलं, बघ, दीडशे वर्षं चाललंय.

आठ एप्रनांच्या खिशात, आत, कोपऱ्यात माझी खूण आहे, पिवळे तीन टाके. सवय. नववा शिवायला घेतला, खिसा उलटा केला, सुईत पिवळा धागा ओवला, आणि हात थांबला. हा तिचा, म्हटलं. हिच्यावर लपवालपवी नको. मग काय केलंय ते तूच बघ. अक्षर वाकडं आलंय, डेनिमवर सुई चालवणं काय सोपं आहे? हसायचं नाही.

काशीआत्या

———

विलो क्रीक
१६ सप्टेंबर २०२४

ती. आत्या,

हसले नाही. पार्सल उघडलं तेव्हा नववा एप्रन हातात घेऊन मी जमिनीवर बसले. समोर, छातीवर, बाहेरून, पिवळ्या धाग्यानं:

काशी धर्मराज भोईर
शिलाई कारागीर
उल्हासनगर कॅम्प नं. ३

आता परवाचं सांगते. गाव लोटलं होतं. त्या सतरा पोरांची पतवंडं, खापरपणतवंडं, शंभरच्या वर. शिळेवरचं कापड काढलं. आठ नावं, आणि त्यांच्याच ओळीत, त्याच आकारात, तितकंच खोल कोरलेलं: अपोलोनिया. खाली नाही, बाजूला नाही, ओळीत! कोपऱ्यातल्या त्या क्रूसावरही आता नाव आहे. काळी वही सिस्टरांनी काचेखाली मांडली, अकराव्या नोंदीचं पान उघडं ठेवून. मदरचं चित्रही शेजारी तसंच होतं. सिस्टर म्हणाल्या, दोघींची लेकरं आहोत, दोघींना बघू द्या.

मग एप्रन. सहा सिस्टर आणि गावातल्या तीन जणी, अशा नऊ. सगळ्यांना वाटलं सिस्टर बर्नाडेट पहिला घेतील. त्यांनी नववा मागितला. घातला आणि मला म्हणाल्या, "सगळ्यांसमोर वाच. मला ही लिपी येत नाही, पण मी काय घातलंय ते गावाला कळलं पाहिजे." मी वाचलं, आधी मराठीत, मोठ्यानं, मग इंग्रजीत. आणि सांगितलं, ही माझी आत्या. हिनं मला वाढवलं. ही शिवते. अपोलोनियाला हिनं शोधलं. नेब्रास्काच्या गवतात तीनशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि मी ढसाढसा रडत होते, लाज कसली, अभिमानानं.

शेवटी एप्रन काढले, एकमेकांना बांधले आणि शाळेच्या पायापासून घराच्या पायापर्यंत ओढून धरले. पोरांनी ओळीनं धरून चालायचं, तसंच. एक दांडगा बाप्या पट्ट्याला हिसका देऊन बघत होता. मी म्हटलं, अजून जोरात ओढा. सुटलं नाही. आणि नवव्याची नाडी घराच्या उंबऱ्याच्या दगडावर येऊन टेकली, वीतभर उरली.

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण आणि माझं पुस्तक. आधीचं एक पान पॉनी लोकांचं आहे, तू सांगितलंस तसं. त्याच्याही आधी, पहिल्याच पानावर, तुझं नाव आणि तुझं काम. संचालक वगैरे काही नाही.

तेजू

———

अंबरनाथ पूर्व
८ ऑक्टोबर २०२४

चि. तेजल, अनेक आशीर्वाद.

पुस्तक पोचलं. इंग्रजी मला येत नाही, पण पहिल्या पानावर माझं नाव तू मराठीत छापलंस, ते वाचलं. किती वेळा ते विचारू नकोस. प्रीतीनं मोजायला सुरुवात केली होती, तिला हाकललं.

कात्रण घेऊन कॅम्प तीनला गेले. आता कशाला खोटं बोलू, मुद्दाम गेले. चांगली इस्त्रीची साडी नेसून गेले. मशीनं बंद करून सगळ्या मुली गोळा झाल्या. त्या म्हाताऱ्या सिस्टरच्या छातीवरचं नाव एका मुलीनं मोठ्यानं वाचलं. शेठनी चष्मा वर केला, कात्रण जवळ घेतलं आणि म्हणाले, "भोईर? काशी, तेरा पूरा नाम भोईर है? मुझे तो आज पता चला." एकतीस वर्षं, तेजल! मला राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, "हो शेठ. काशी धर्मराज भोईर. लिहून घ्या." त्यांनी खरंच लिहून घेतलं. कात्रण आता तिथं भिंतीवर आहे, कटिंगच्या टेबलाच्या वर, जिथून मास्टर पीस फेकायचा.

इंदुबाई आता जिन्यात भेटली की म्हणते, गारमेंटवाल्या मॅडम. मी म्हणते, मॅडम नाही, कारागीर.

सिस्टर बर्नाडेटला सांग, नव्या जागी एप्रन लागला तर कळवा, माझा हात चालतोय. आणि तुला एक सांगते. पुढचं पत्र टाकशील तेव्हा पाकिटावर माझ्या नावाखाली माझं काम लिही. मोठ्या अक्षरात. पोस्टमनला तीन मजले फिरू दे, सगळ्यांना विचारू दे. या वेळी मी दारातच उभी असेन.

तुझी आत्या,
काशी धर्मराज भोईर